उभ्याचा वाटा

करंजवाडीला जायचं तर आधी नदी लागते आणि मग गाव. नदीचं नाव चांदणी. पावसाळ्यात ती अशी काही तणतणत येते की विचारू नका, पण चैत्र लागला की बाईसाहेबांचा सगळा राग उतरतो. पाणी निवळतं, तळातले गोल गोल गोटे दिसायला लागतात, काठावरचे पळस लाल होतात, पांगारे त्याहून लाल होतात, आणि डोहाशेजारच्या करंजाखाली जांभळट-पांढऱ्या इवल्या फुलांचा नुसता सडा पडतो. अशा दिवसांत पोरं घरात कशी थांबतील, तुम्हीच सांगा.

तुळसा तर मुळीच थांबायची नाही. नऊ वर्षांची पोर, दोन पिटुकल्या वेण्या, फ्रॉकला तीन ठिगळं, तीही तीन रंगांची. पण हसली की ठिगळांकडे कुणाचं लक्षच जायचं नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच. तिचे बाबा मासेमारी करायचे. ते देवाघरी गेले आणि मागे त्यांनी स्वतःच्या हातांनी विणलेलं जाळं राहिलं. त्या जाळ्यावर आईने तीन वर्षं घर चालवलं. आणि गेल्या पावसाळ्यात चांदणीला असा पूर आला की दारात वाळत घातलेलं जाळं तिने उचलून नेलं.

जाळ्यावाचून नदीकाठी राहून काय खायचं? आई दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला जायची, पण ते काम चार दिवस मिळायचं आणि आठ दिवस नाही. कधी कधी आई म्हणायची, मला भूक नाही गं आज. तुळसाला ते खरं वाटायचं नाही. शेवटी आईने ठरवलं, मामाच्या गावी जायचं, तिथल्या वीटभट्टीवर काम करायचं. त्या गावाला नदी नव्हती. डोह नव्हता, करंज नव्हता, भिवा आणि केशरही नव्हते. उद्या दुपारी मामा बैलगाडी घेऊन येणार होता, आणि आज तुळसाचा मासे धरायचा शेवटचा दिवस होता.

भिवा आणि केशर हे तिचे जिवाभावाचे सोबती. भिवाला गळ टाकायचा भारी नाद, पण त्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता, त्यामुळे गळाला लावायची गांडुळं तो मुठीत धरून बसायचा आणि मग त्याच हाताने नाक खाजवायचा. केशरला पाण्याची फार भीती. ती काठावर बसून कणकेच्या छोट्या छोट्या गोळ्या करून द्यायची आणि कुणाच्या गळाचं बोंडूक बुडालं ते सगळ्यांत आधी ओरडून सांगायची. गळाच्या दोरीला बांधलेलं हलकं लाकूड म्हणजे बोंडूक. ते डुबुक्कन बुडालं की समजायचं, मासा लागला.

मासे कुणीही धरले तरी सगळे एकाच टोपलीत पडायचे. मग करंजाखाली पळसाची पानं मांडून त्यांचे सारखे वाटे घालायचे. एकाने वाट्यांकडे पाठ करून बसायचं, दुसऱ्याने एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? आणि पाठ केलेल्याने न बघता नाव घ्यायचं. म्हणजे मोठा मासा कुणाला, लहान कुणाला, यावरून भांडण नको. एकदा नाव तोंडातून गेलं की परत घ्यायचं नाही. आणि करंजवाडीची जुनी रीत अशी की वाटे घालताना तिथे जो कुणी येऊन उभा असेल, ओळखीचा असो की वाटसरू, त्याचाही एक वाटा. त्याला म्हणायचे उभ्याचा वाटा, आणि तो सगळ्यांत आधी पुकारायचा. पाठ करून बसायचं काम नेहमी तुळसाचं, कारण ती कधीच चोरून बघायची नाही. स्वतःचं नाव ती नेहमी शेवटी घ्यायची.

तर त्या दिवशी तिघं गळ टाकून बसली होती. ऊन कोवळं होतं, पाण्यावर सोनेरी ठिपके नाचत होते, निळा खंड्या एकदा या फांदीवर, एकदा त्या फांदीवर. एवढ्यात भिवाने तुळसाचा हात दाबला आणि नुसत्या डोळ्यांनी दाखवलं. डोहाच्या कडेला पाणी लालसर दिसत होतं. बघतात तर काय, शेकडो इटुकली पिटुकली लाल पिल्लं एका घोळक्यात फिरत होती, आणि त्यांच्या खाली, हाताएवढी लांब, काळीशार मरळ. ती पिल्लांवर पहारा देत होती.

एवढी मोठी मरळ त्या वर्षी कुणीच धरली नव्हती. भिवा कुजबुजला, की ही बाजारात नेली तर जाळ्याचं सूत येईल, तुझं जाणं टळेल. मरळ पिल्लांना सोडून जात नाही, गळ समोर आला की रागाने त्याच्यावरच धावते. धरणं अगदी सोपं होतं. तुळसाने गळ उचललासुद्धा. मग तिने त्या लाल पिल्लांकडे बघितलं. आई गेली की ही दिवस मावळायच्या आत दुसऱ्या माशांच्या पोटात जाणार, हे तिला ठाऊक होतं.

तिने गळ हळूच बाजूला घेतला आणि म्हणाली, "राहू दे रे भिवा. तिला एकटीला एवढी पोरं सांभाळायची आहेत."

भिवा फुरंगटला. केशरने कणकेच्या दोन गोळ्या गुपचूप पिल्लांकडे टाकल्या. मग त्या दिवशी नशीबही असं रुसलं की दुपार कलेपर्यंत टोपलीत फक्त चार मळे मासे आणि मूठभर झिंगे.

तेवढेच घेऊन तिघं करंजाखाली आली. तुळसाने तीन पानं मांडली, आणि वर बघते तर झाडाला टेकून एक मुलगी उभी. केवढीशी, तुळसाच्या कमरेला लागेल एवढीच. केस शेवाळासारखे हिरवट आणि ओले, घागरा करंजाच्या फुलांचा, पाय अनवाणी. ती माशांकडे बघत नव्हती, तिघांच्या तोंडांकडे बघत होती.

भिवाने टोपलीत बघितलं, एक उसासा सोडला, आणि मुकाट्याने चौथं पान मांडलं. एकेका पानावर एकेक मासा आणि चार-चार झिंगे, एवढासा तो वाटा. तुळसाने पाठ केली, भिवाने बोट ठेवलं, आणि पहिला वाटा पुकारला उभ्याचा. त्या मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला, आणि काय सांगू, पान तिच्या हातात आलं आणि चंदेरी उजेड पडला. तिच्या पाठीवर चतुराच्या पंखांसारखे चार पातळ पंख उलगडले आणि त्यांच्यावर सातही रंग थरथरायला लागले. केशरच्या हातातली उरलेली कणीक खाली पडली.

"घाबरू नका," परी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहानसा होता. "मी या डोहातली. मरळ माझ्या शेजारीच राहते, ती मला सगळं सांगते. दर चैत्रात माझ्याकडे तीन मणी येतात, एका मण्यात एक इच्छा. या वर्षीचे तुमचे."

तिने पळसाच्या तीन पानांवर तीन मणी ठेवले. एक गुंजेसारखा लाल, एक हळदीसारखा पिवळा, एक निळा. मग तिने नियम सांगितले. इच्छा स्वतःपुरतीच मागायची, दुसऱ्यासाठी मागितली की मणी फुटतो. आणि मणी वाटायचे ते तुमच्याच रीतीने, पाठ करून, नाव घेऊन. घेतलेलं नाव परत घेता यायचं नाही.

तीन मणी आणि तीन मुलं. हिशेब सरळ होता. तुळसा पाठ करून बसली. तिने डोळे गच्च मिटले होते आणि मनात एकच गोष्ट होती, जाळं, जाळं, आईचं जाळं. घर सुटणार नाही, नदी सुटणार नाही, आई पोटभर जेवेल. एवढा आनंद झाला होता तिला की दुसरं काही सुचतच नव्हतं.

मागून भिवाने विचारलं, "हा कोणाचा?"

आणि इतकी वर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. "उभ्याचा," तुळसा म्हणाली.

करंजाचं एक फूल टपकन पानावर पडलं. तुळसाने वळून बघितलं. भिवा आणि केशर बसलेले होते, आणि उभी होती ती फक्त परी. आपण काय करून बसलो ते तुळसाला तेव्हा कळलं. आता मणी दोन राहिले होते आणि मुलं तीन.

ती पुन्हा पाठ करून बसली. भिवाचं बोट दुसऱ्या पानावर होतं, पण त्याला विचारवत नव्हतं. तुळसाला वाटलं, घ्यावं का आपलं नाव? कोण काय म्हणणार आहे? पण चूक माझी, मग वाटा या दोघांपैकी एकाचा का जावा? ती म्हणाली, "विचार ना रे." मग तिने दुसरा मणी भिवाला दिला आणि तिसरा केशरला.

भिवा असा चिडला म्हणता, की बोलायची सोय नाही. वेडीच आहेस, अक्कल गहाण ठेवलीस का, असं काय काय तो बोलला, आणि पिवळा मणी मुठीत धरून त्याने तुळसाला जाळं मागायला सुरुवात केली. मण्यातून कट् असा आवाज आला. परीने घाईने त्याच्या मुठीवर हात ठेवला म्हणून मणी वाचला. तुळसाच मग त्याची समजूत घालायला लागली, की अरे, तुझं तुला माग, नाहीतर फुकट जाईल. शेवटी तोंड एवढंसं करून भिवाने दोन खिशांचा सदरा मागितला. लगेच त्याच्या अंगात पोपटी सदरा, दोन खिसे, खिशांना चकाकणारी बटणं, आणि त्याचा चेहरा मात्र रडवेला. ते ध्यान बघून तिघींनाही हसू आवरेना, तेव्हा तोही हसला.

केशरने पाण्याची भीती जाऊ दे असं मागितलं. मागितलं आणि उठली, आणि चालत चालत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली, कुणाचा हात न धरता. तुळसाने टाळ्या वाजवल्या. तिला खरोखरच बरं वाटलं होतं, आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

परी मात्र हातातल्या लाल मण्याकडे नुसती बघत होती. शेकडो वर्षं ती मणी वाटत आली होती, पण तिला कुणी एक दिला नव्हता.

"मलाही दुसऱ्यासाठी मागता येत नाही गं, तुळसा," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि मण्याशिवाय मला कुणाला काही देताही येत नाही."

तुळसाने तिला सांगितलं, की मग तू तुझंच माग, मनात असेल ते.

परीने डोहाकडे बघितलं. मग म्हणाली, "खाली डोहात बसले की वरून तुमचे गळ येताना दिसतात आणि तुमचं हसणं ऐकू येतं. एवढं काय हसता, ते मला कधी कळलं नाही. आजवर मी उभीच होते. उद्या सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत मला तुमच्यात बसून गळ टाकायचा आहे."

मणी विरघळला आणि इच्छा लागू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तुळसा निघाली होती, पण आईने हाक मारली. भांडी बांधायची होती, गोधड्या गुंडाळायच्या होत्या, चूल सारवून ठेवायची होती. आईचे डोळे सुजलेले बघून तुळसाला नदीवर जाऊ का असं विचारवेना. ती गुमान कामाला लागली. पण कान सगळे नदीकडे.

आणि नदीवर काय चाललं होतं म्हणून सांगू. परीला गळ टाकायला काही जमत नव्हतं. गांडुळाला हात लावायच्या आधी ती त्याची माफी मागायची, तेवढ्यात ते पळून जायचं. मग केशरने तिला कणकेच्या गोळ्या दिल्या. परीच्या गळाला आधी एक तुटकी वहाण लागली, मग एक खेकडा लागला, तो तिच्या घागऱ्याची फुलं खायला लागला. भिवा हसून हसून लोळला आणि त्याच्या नव्या सदऱ्याला चिखल लागला. परी तर इतकी हसली की पंखांतून रंगीत ठिणग्या उडाल्या. वर एवढं काय हसतात, ते तिला समजलं होतं. तुळसा असती तर, असं मात्र तिघंही मधूनमधून म्हणत होती.

ऊन चढलं तसं परीचं बोंडूक डुबुक्कन बुडालं. परीने दोरी ओढली, हलेना. भिवाने हात लावला, तरी हलेना. केशर सरळ पाण्यात उतरली, काल-परवापर्यंत पाऊल न भिजवणारी केशर, आणि बुडी मारून बघते तर खाली काठच्या औदुंबराच्या मुळीत काहीतरी मोठं अडकलेलं. ती काळी मरळ मुळीशी घिरट्या घालत होती, तोंडाने एकेक पीळ सोडवत होती. शेवटचा पीळ सुटला आणि शेवाळाने भरलेला एक भलामोठा गोळा काठावर आला. त्यातून शिशाच्या गोळ्या लोंबत होत्या. परीने तो पाण्यात एकदा खंगाळला, आणि जिथे जिथे फाटलं होतं तिथे तिथे तिच्या बोटांमागून चंदेरी धागा भरत गेला. ते जाळं होतं.

पण जे मिळालं ते टोपलीत, ही रीतच. दुपार होत आली तशी करंजाखाली पळसाची पानं मांडली गेली. सकाळभरात मिळालेले मासे तीन पानांवर सारखे लावले, आणि जाळ्याचा काही वाटा होईना म्हणून ते चौथ्या पानावर तसंच ठेवलं. आज पाठ करून बसायचं परीने हौसेने मागून घेतलं.

तिकडे मामाची गाडी दारात आली. आईने तुळसाला सांगितलं, जा, सवंगड्यांना भेटून ये, पण लगेच ये. तुळसा धावत सुटली. वेण्या सुटल्या, पायात काटा गेला, तरी थांबली नाही. धापा टाकत करंजाखाली आली आणि उभी राहिली.

भिवाने तिला येताना पाहिलं होतं. आता सांगा बरं, त्या पोराने पहिलं बोट कुठल्या पानावर ठेवलं असेल?

"हा कोणाचा?" त्याने विचारलं. हसू दाबून दाबून त्याचे गाल फुगले होते.

"उभ्याचा," पाठमोरी परी म्हणाली.

परीला पाठीमागचं दिसत होतं की नव्हतं, ते मला विचारू नका. नाव घेतलं ते घेतलं, परत घेता येत नाही. तुळसा खाली बसली आणि तिने जाळं हातात घेतलं. कडेच्या गाठी दुहेरी होत्या, आणि प्रत्येक गाठीचं शेपूट आत वळवलेलं. तशी गाठ फक्त बाबा मारायचे. ते जाळं तिने छातीशी धरलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. केशर ओल्या हातांनी तिचे डोळे पुसत होती, त्यामुळे ते आणखीच ओले होत होते.

"पण इच्छा तर संपल्या होत्या," तुळसा म्हणाली.

परी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "ही इच्छा नाही, बाळा. हा वाटा आहे. तो तुझाच होता."

तेवढ्यात सूर्य करंजाच्या बरोबर माथ्यावर आला. परीचे पंख आधी सोनेरी झाले, मग पांढरे, मग दिसेनासे झाले. डोहावर एक लख्ख कवडसा पसरला, त्यात इटुकली लाल पिल्लं क्षणभर चमकली, आणि करंजाखालच्या चौथ्या जागी थोडी ओली फुलं तेवढी उरली. भिवाने ती गोळा केली आणि खिशात ठेवली. खिसा होता ना आता.

आईने जाळं बघितलं, गाठी चाचपल्या, आणि दारातच मटकन बसली. मग उठून तिने गाडीतलं पहिलं बोचकं स्वतः खाली घेतलं. मामा म्हणाला, बैल उगाच दमवले तुम्ही माझे, पण त्या संध्याकाळी त्याच जाळ्यातल्या माशांचं कालवण ओरपताना त्याचाही राग राहिला नाही. आणि आई त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली. तुळसाने त्या मोजल्या होत्या.

करंजवाडीची पोरं अजूनही चैत्रात डोहावर जमतात. मरळीला कुणी गळ लावत नाही. करंजाखाली पानं मांडली जातात, कुणीतरी पाठ करून बसतं, आणि पहिला वाटा अजूनही उभ्याचाच निघतो. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर लाजू नका, वाटे घालायच्या वेळी जरा तिथे जाऊन उभे राहा.